खुर्द्याचा हिशोब : युद्धाचे दुःख आणि चित्रकाराची नजर

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पट्ट्यात वांगणीसारखी अनेक लहान गावे आहेत. भाताची खाचरे, नागली-वरईचे उतार आणि कारवीच्या कुडाला शेणामातीने लिंपून उभी केलेली घरे, असा हा मुलूख. येथील वारली घरात लग्न निघाले की भिंतीवर गेरूचा हात फिरतो आणि सवाशिणी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक लिहितात. मोठ्या चौकात पालघट देवी विराजमान होते. तिच्यालगत एक लहान चौक असतो. त्यात पंचशिऱ्या देव, घोड्यावर स्वार झालेला किंवा घोड्याशेजारी उभा असलेला वीर. कित्येक चित्रांत या वीराच्या धडावर शिर नसते. त्या जागी मानेतून धान्याची पाच कणसे उगवलेली दाखवतात.

वारली चित्रांत राजांच्या लढाया नाहीत, तोफा नाहीत, विजयाची मिरवणूक नाही. शेती, शिकार, लग्न आणि तारप्याचा नाच एवढेच त्यांचे विश्व. अशा चित्रात शिर गमावलेला हा एकच वीर आहे आणि त्याला कोणत्याही लढाईचे नाव जोडलेले नाही. जगातील बहुतेक युद्धचित्रे याच्या नेमकी उलट आहेत. त्यांत लढाईचे नाव असते, जिंकणाऱ्याचे नाव असते. ज्याचे शिर गेले त्याचे मात्र नाव नसते.

ही उणीव आपल्या पूर्वजांच्या एका पत्रात फार थोडक्या शब्दांत नोंदली गेली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. वाटेत त्यांच्या हाती एका सावकाराचे पत्र पडले आणि त्यातून त्यांना अनर्थाची पहिली कल्पना आली, असे इतिहासात सांगितले जाते. पत्राची भाषा पेढीवरची होती. दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांची तर मोजदादच नाही, असा त्यातील मजकुराचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नामांकित सरदार. आणि ज्यांची मोजदाद नाही तो खुर्दा म्हणजे शिपाई, बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका-मुले.

व्यापारी घरात हिशोबाला फार मोल असते. पै-पैचा मेळ लागल्याशिवाय दिवाळीला वही बंद होत नाही. तरीही युद्धाच्या वहीत खुर्दा शतकानुशतके गणतीबाहेरच राहिला. चित्रकलेच्या इतिहासात तो प्रथम ठळकपणे मोजायला घेतला युरोपातील रोमँटिक, म्हणजे स्वच्छंदतावादी चित्रकारांनी. त्यांनी हे कसे केले हे पाहणे आपल्यालाही उपयोगाचे आहे, कारण त्यांच्या चित्रांतील युद्धांचा एक धागा थेट महाराष्ट्राच्या मातीतून गेलेला आहे.

वीरगळ आणि विजयचित्रे

महाराष्ट्रातील गावोगावी वीरगळ आढळतात. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाचे दुर्मीळ शिल्पांकन आहे. बहुतेक वीरगळांची मांडणी ठरलेली असते. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, आणि वरच्या चौकटीत आराध्य दैवताची पूजा करणारा वीर. नजर खालून वर सरकते तसतसे मरण मागे पडते आणि गौरव उरतो. मागे राहिलेल्या घराचे दुःख या शिळेवर सहसा दिसत नाही. शेजारी सतीशिळा असेल तर तिच्यावर काटकोनात उभारलेला, बांगड्या भरलेला एक हात असतो. त्या घराची नोंद तेवढीच.

युरोपातही अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोठी युद्धचित्रे साधारणतः विजेत्याच्या पदराने रंगवली जात. उंच घोडा, त्यावर सेनापती, त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर सरकणाऱ्या पलटणी. मेलेली माणसे चित्राच्या कोपऱ्यात, घोड्याच्या टापांखाली, जागा भरण्यापुरती. फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियनच्या युद्धांनी हे चित्र हलवले. सक्तीच्या सैन्यभरतीमुळे युद्ध घराघरात शिरले. त्याच काळात कलावंतांमध्ये एक नवी जाणीव आली होती : नियमांपेक्षा भावना श्रेष्ठ, आणि एका सामान्य माणसाचे अंतःकरणही चित्राचा विषय होऊ शकते. हीच रोमँटिक चित्रकलेची जाणीव.

बदल एकदम झाला नाही. फेब्रुवारी १८०७ मध्ये आयलाऊच्या बर्फात फ्रेंच आणि रशियन सैन्यांची भीषण लढाई झाली. आंत्वान-ज्यां ग्रो या चित्रकाराने १८०८ साली तिचे चित्र पूर्ण केले. हे सरकारी चित्र होते, त्यामुळे मध्यभागी नेपोलियन असणे अपरिहार्यच होते. तो हात उंचावून जखमींविषयी करुणा दाखवतो आहे. परंतु चित्राच्या अगदी पुढच्या कडेला ग्रोने गोठलेली प्रेते मांडली. ती प्रत्यक्ष माणसापेक्षाही मोठ्या आकाराची आहेत आणि त्यांच्या कपड्यांवर बर्फ साचलेले आहे. पाच मीटरहून उंच अशा त्या चित्रासमोर उभे राहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी सम्राट येत नाही, मृत शिपाई येतात. मोती अजून मध्यावर होता, पण खुर्दा पुढे सरकला होता.

माद्रिदची रात्र

तो मध्यावर आणला स्पेनच्या फ्रान्सिस्को गोयाने. गोया (१७४६ ते १८२८) हा राजदरबाराचा चित्रकार. १७९२-९३ च्या आजारपणात त्याची श्रवणशक्ती गेली होती. २ मे १८०८ रोजी माद्रिदच्या जनतेने नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध उठाव केला आणि त्याचा सूड म्हणून सैन्याने पकडलेल्या लोकांना गोळ्या घातल्या. सहा वर्षांनी, १८१४ मध्ये, गोयाने त्या प्रसंगाचे ‘३ मे १८०८’ हे चित्र रंगवले. ते आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

चित्रात रात्र आहे. जमिनीवर एक मोठा चौकोनी कंदील ठेवला आहे आणि सगळा उजेड पांढरा सदरा घातलेल्या एका माणसावर पडला आहे. त्याने दोन्ही हात पसरून वर केले आहेत. त्याच्या पायाशी आधी मारलेले लोक रक्तात पडले आहेत. मागून आपली पाळी येणारे चेहरे झाकून घेत आहेत. समोर बंदुका रोखलेल्या शिपायांची रांग आहे, पण त्यांचे चेहरे दिसत नाहीत. मारणाऱ्याला चेहरा नाही, मरणाऱ्याला आहे. आणि तो राजाचा नसून कामकरी माणसाचा आहे. या चित्रात वीरगळाची वरची चौकट नाही. अप्सरा येत नाहीत. गोया आपल्याला खालच्याच चौकटीत थांबवून ठेवतो.

१८१० पासून पुढे दहा वर्षे तो तांब्याच्या पत्र्यांवर ‘युद्धाचे अनर्थ’ ही चित्रमालिका कोरत होता. एकूण ८२ चित्रे. त्यांत विजय एकही नाही. फ्रेंच शिपायांची क्रूरता त्याने दाखवली, तशी चिडलेल्या स्पॅनिश जमावाचीही दाखवली. प्रत्येक चित्राखाली चार-दोन शब्दांची ओळ आहे. एका चित्राखाली तर हे आपण पाहिले, एवढेच तो लिहितो. त्याच्या हयातीत ही मालिका प्रसिद्ध होऊ शकली नाही. त्यातील ८० चित्रे १८६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी, जगासमोर आली.

असईचा सेनापती

या मालिकेच्या मधल्या भागात लढाई नाही, भूक आहे. १८११-१२ मध्ये माद्रिदमध्ये भयंकर दुष्काळ पडला आणि हजारो माणसे अन्नावाचून मेली. गोयाने रस्त्यावर पडलेली कुटुंबे काढली, प्रेते स्मशानाकडे नेणाऱ्या गाड्या काढल्या. एका चित्रात मरणासन्न माणसांपुढे एक पेला धरला आहे आणि खालची ओळ विचारते की, आता एका पेल्याने काय होणार?

ऑगस्ट १८१२ मध्ये याच उपाशी शहरात एक विजयी इंग्रज सेनापती दाखल झाला. गोयाने त्याचे व्यक्तिचित्र काढले. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तो सेनापती म्हणजे वेलिंग्टन, मूळचा आर्थर वेलस्ली. मराठी माणसाला हे नाव अनोळखी नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या असई गावापाशी, शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा तोच होता. इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी मेली वा जखमी झाली. मराठ्यांचे १२०० मृत रणांगणात पडले असून सारा मुलूख त्यांच्या जखमींनी भरला आहे, असे वेलस्लीने आपल्या अहवालात कळवले होते. मृतांचा अंदाज तरी झाला. जखमींचा आकडा नाही. पुन्हा खुर्दाच.

असईनंतर दख्खनमध्येही उपासमार आली. १८०३-०४ चा दुष्काळ अहमदनगर-पुण्याच्या बाजूला अतिशय तीव्र होता आणि त्याचे कारण केवळ पाऊस नव्हते. होळकरांच्या फौजा आणि पेंढारी यांनी प्रदेश आधीच उद्ध्वस्त केला होता. लष्कर चालते तेव्हा बाजारावर काय परिणाम होतो हे धान्याच्या पेढीवर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. हजारो बैल, घोडे, हत्ती वाटेवरचा कडबा संपवतात. धान्य वाहणारे लमाणांचे तांडे बाजाराऐवजी छावणीकडे वळतात. शेतकरी बैल आणि जीव वाचवण्यासाठी गाव सोडतो, त्यामुळे पुढची पेरणी बुडते. भाव पेरणीआधीच चढू लागतात आणि लढाई संपल्यानंतर वर्षभराने खरी प्रेते मोजावी लागतात.

माद्रिदच्या भुकेला गोया मिळाला. दख्खनच्या भुकेला कोणी मिळाला नाही. येथे चित्रकार नव्हते असेही नाही. १७९० च्या दशकात स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस यांची चित्रे रंगवली. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याकडे काम करणारा गंगाराम तांबट हा पुण्याचा कलावंत लेण्यांची आणि माणसांची उत्तम रेखाटने करीत होता. म्हणजे हात कसलेला होता, कागद होता, रंग होता. रस्त्यात पडलेला उपाशी कुणबी हा चित्राचा विषय आहे, असे मानणारा आश्रयदाता आणि तशी दृष्टी मात्र नव्हती. म्हणून त्या दुष्काळाची आपली आठवण गॅझेटियरच्या काही ओळींपुरती उरली.

वेलिंग्टनची अखेरची मोठी लढाई म्हणजे १८१५ ची वॉटर्लू. इंग्लंडने तो विजय दणक्यात साजरा केला. पण जे. एम. डब्ल्यू. टर्नर १८१७ मध्ये त्या मैदानावर जाऊन आला आणि १८१८ साली त्याने जे चित्र प्रदर्शित केले त्यात सेनापती कुठेच नाही. लढाई संपल्यानंतरची रात्र आहे. दूर एक जळते घर आहे. समोर दोन्ही बाजूंच्या मृतांचा एकच ढीग पडला आहे आणि मशालीच्या उजेडात काही बायका त्यात आपला माणूस शोधत आहेत. कोणते प्रेत कोणत्या देशाचे, हे त्या उजेडात सहजी कळत नाही. आपल्या राष्ट्राच्या विजयाचे चित्र काढायला गेलेल्या कलावंताने अखेर बायकांच्या हातातली मशाल काढली, ही गोष्ट साधी नाही.

खिओस बेट

वाचकांपैकी पुष्कळांना युजेन देलाक्रवाचे खिओस बेटावरचे चित्र अधिक जवळचे वाटेल, कारण ते एका व्यापारी वस्तीच्या नाशाचे चित्र आहे. एजियन समुद्रातील खिओस हे सुखवस्तू बेट. तेथील मस्तकी नावाचा सुगंधी डिंक दूरदूरच्या बाजारात जाई. ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात, १८२२ साली, ऑटोमन सैन्याने या बेटावर कत्तल केली. हजारो लोक मारले गेले, हजारो गुलाम म्हणून विकले गेले.

देलाक्रवाने १८२४ मध्ये हे चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले. चार मीटरहून उंच असे हे चित्र आता लूव्र संग्रहालयात आहे. त्यात झुंज नाही, प्रतिकार जवळजवळ नाही. मरणाची किंवा गुलामगिरीची वाट पाहणारी काही कुटुंबे जमिनीवर बसली आहेत. एक वृद्धा शून्य नजरेने वर पाहते आहे. तान्हे मूल मेलेल्या आईच्या छातीशी दूध शोधत आहे. एका बाजूला घोडेस्वार बांधलेल्या तरुणीला ओढून नेतो आहे. मागे अफाट मोकळा मुलूख आणि आकाश आहे. त्यातून मदतीला कोणी येताना दिसत नाही. हे चित्र पाहून, ही तर चित्रकलेचीच कत्तल आहे, असे ग्रो म्हणाल्याचे सांगतात. ज्याने स्वतः प्रेते पुढे आणली, त्यालाही एवढे दुःख विजेत्याशिवाय मांडलेले पाहवले नाही.

या चित्रकारांच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. देलाक्रवा खिओसला गेला नव्हता. त्याची सहानुभूती ग्रीकांकडे होती आणि समोरची बाजू त्याने क्रूरतेपुरतीच रंगवली. शिवाय दुःख सुंदर रंगांत मांडले की पाहणारा रंगांतच रमण्याचा धोका असतो. या युगाने नेपोलियनची वीरपूजाही काही कमी केली नाही. तरी एक गोष्ट या चित्रकारांनी कायमची बदलली. युद्धात सोसणाऱ्याला चित्राच्या मध्यभागी उभे राहण्याचा हक्क आहे, हे त्यांनी मान्य करून घेतले.

भरत आणि बाहुबली

हा विचार जैन वाचकाला परका वाटू नये. जिनसेनाचार्यांनी नवव्या शतकात रचलेल्या आदिपुराणात भरत आणि बाहुबली यांच्या युद्धाची कथा आहे. दोन्ही बाजूंच्या सेना समोरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा मंत्र्यांनी विचार केला. दोघेही भाऊ चरमशरीरी, याच जन्मी मोक्षाला जाणारे. त्यांना या युद्धात काही होणार नाही. मरतील ते इतर लोक. मग हा लोकक्षय कशासाठी? मंत्र्यांचे म्हणणे दोघांनी मानले आणि दृष्टियुद्ध, जलयुद्ध व मल्लयुद्ध या तीन प्रकारांनी निर्णय झाला. सेना उभीच राहिली.

मंत्र्यांचा हा युक्तिवाद हिशोबनिसाचा आहे. मोत्यांना धोका नाही, मग खुर्दा का उधळायचा? पानिपताच्या पत्रात जो खुर्दा मोजता आला नाही, तो येथे युद्ध सुरू होण्याआधीच मोजला गेला आणि वाचला.

शिल्पकारांनी या कथेतून कोणता क्षण निवडला हेही पाहण्यासारखे आहे. बाहुबली तिन्ही युद्धे जिंकले. पण वेरूळच्या जैन लेण्यांत, श्रवणबेळगोळला आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजला आपण ज्यांच्यापुढे नतमस्तक होतो ते कुस्ती जिंकणारे बाहुबली नाहीत. जिंकलेले राज्य सोडून कायोत्सर्गात उभे असलेले, अंगावर वेली चढलेले बाहुबली आहेत. गोया आणि टर्नर विजयाकडे पाठ फिरवून दुःखाकडे वळले. आपले शिल्पकार विजयाकडे पाठ फिरवून त्यागाकडे वळले. वाटा वेगळ्या असल्या तरी दोघांनीही विजेत्याच्या सिंहासनाला चित्राचा मध्य मानले नाही.

आज युद्धाची दृश्ये घराघरांत हातातल्या पडद्यावर क्षणाक्षणाला येतात. किती शहरे घेतली, किती विमाने पाडली, कोणत्या जिनसाचा भाव किती चढला, याची चर्चा दुकानात आणि जेवणाच्या पाटावरही होते. भावाची चौकशी करणे हा व्यापाऱ्याचा धर्मच आहे. त्यात गैर काही नाही. मात्र त्याच वेळी घरातील मुलांना एखादे दिवशी गोयाचा तो पांढरा सदरा आणि टर्नरच्या चित्रातील मशाल दाखवावी. चढलेल्या भावाच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी पेरणी बुडालेले शेत असते, हे त्यांना त्या निमित्ताने सांगता येईल. नफ्या-तोट्याच्या पलीकडचा एक रकाना असतो आणि तो रिकामा ठेवला तर वही पूर्ण होत नाही, हे संस्कार व्यापारी घरातच चांगले होतात.

वांगणीच्या परिसरात पुढच्या लग्नसराईतही भिंती सारवल्या जातील आणि सवाशिणी पंचशिऱ्याचा चौक लिहितील. त्या आकृतीचा अर्थ अभ्यासक निरनिराळा लावतात. पाहणाऱ्याला मात्र एवढे दिसते की, त्या वीराने काय जिंकले हे कोणी लिहिलेले नाही. त्याच्या गेलेल्या शिराच्या जागी पाच कणसे आहेत, आणि ज्या घरात नवे बिऱ्हाड मांडले जात आहे, त्या घराच्या भिंतीवर त्याला जागा आहे.